सहीचा कित्ता

ता. ४ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस, मी कुठल्या भानगडीत सापडलेलो नाही. आत मुखत्यारपत्र आहे. आईबाबांची तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा बाबांनी माझ्या नावावर करून ठेवली, ती विकण्याचे सगळे अधिकार मी ह्या कागदाने तुला दिले आहेत. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखाना वाढवायचा म्हणून केव्हापासून मागे लागल्या आहेत. त्यांना हो म्हणून टाक.

हा कागद करायला मला इथल्या आपल्या वकिलातीत जावं लागलं. दोन साक्षीदार हवे होते. एक माझा कामावरचा जोडीदार आणि दुसऱ्या माझ्या घरमालकीणबाई. बाईंनी त्यासाठी कपाटातला चांगला कोट काढला आणि जाताना सगळ्या आळीला सांगितलं की त्या एका महत्त्वाच्या खटल्यात साक्ष द्यायला चालल्या आहेत. त्या दिवसापासून शेजारी माझ्याकडे निराळ्याच नजरेने बघतात.

स्वतः येऊन काम उरकावं असं मनात होतं, पण रुग्णालयातल्या एकवीस लिफ्ट माझ्या गळ्यात आहेत. मी निघालो की त्यांतली एक तरी दोन मजल्यांच्या मध्ये बसून राहणारच. पुढच्या वर्षी नक्की येतो.

भावोजींना नमस्कार. लोभ आहे तो ह्या मुखत्यारपत्राने कमी होऊ नये ही विनंती.

तुझा,
धाकटा

&nbsp;

ता. २३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कागद पोचला. तुझ्या भावोजींनी तो उभं राहून मोठ्यांदा वाचला. माझी बहीण माझ्या वतीने जे जे करील ते ते मी स्वतःच केले असे समजावे, ह्या वाक्यावर ते दोनदा थांबले. मग म्हणाले की मुखत्यार म्हणजे जिचं मुख सदा तयार, आणि ह्या पदासाठी आख्ख्या घराण्यात दुसरा उमेदवार नव्हताच. त्या संध्याकाळी मी तुझ्या वतीने त्यांच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं, एका डॉक्टरांची पाटी अर्धी रंगवून तशीच ठेवली आणि निबंधक कार्यालयात गेले. तुझ्या वतीने दोन जिने चढले, पण गुडघे माझ्याच वतीने दुखले. तिथला कारकून जाड चष्म्याचा, वर आणखी भिंग घेऊन बसतो. त्याने बाबांनी तुला जागा दिली तेव्हाचा दस्त काढला, त्यावरची तुझी सही आणि ह्या कागदावरची तुझी सही शेजारी शेजारी ठेवली, आणि मला विचारलं की ही दोन्ही माणसं एकमेकांच्या ओळखीची तरी आहेत का.

मी वाकून पाहिलं. नव्या कागदावर तुझी नेहमीची सही, मुंगी शाईत पडून घरी चालत गेल्यासारखी. आणि जुन्या दस्तावर अशी सुरेख सही की पाहताच वाटलं, वा, काय हात आहे! पुढच्याच क्षणी ओळख पटली. धाकट्या, तो हात माझा आहे.

आठवतंय का? चौदा वर्षांपूर्वी, तू निघायच्या आदल्या आठवड्यात. बत्तीस ठिकाणी सह्या करायच्या होत्या. चार झाल्यावर तुझी बोटं दुखायला लागली. पाचवीपासून मी करू का म्हणून विचारलं. तू खिडकीपाशी बिस्किटं खात उभा राहिलास. पुढे त्या पहिल्या चार सह्या माझ्या सह्यांशी जुळेनात म्हणून मीच ती पानं बदलून घेतली. तेव्हा सरकारदरबारी जो तू आहेस तो मी आहे.

ह्यातलं अर्थातच कारकुनाला काही सांगितलं नाही. वयोमानाने हात बदलतो असं म्हणाले. तो म्हणाला की बदलतो, पण इतका बिघडत नाही. त्याने दोन मार्ग सांगितले. एक, जुन्या सहीशी जुळणारी सही करून नवीन मुखत्यारपत्र पाठवायचं. दुसरा, मालकाने स्वतः यायचं. अंगठा द्यायचा, तो जुन्या अंगठ्याशी (तो मात्र तुझाच आहे) ताडून बघतात, पाव तासात काम होतं.

मला विचारशील तर पाव तासाचं काम बरं. आई गेली तेव्हा आलास, त्याला नऊ वर्षं झाली. ये रे. एकवीस लिफ्टांना एकदा जिन्याची सवय होऊ दे.

कळावे, लोभ आहेच, तो आता प्रत्यक्ष दाखवावा.

तुझी,
ताई

&nbsp;

ता. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना मी खुर्चीतच बसलो होतो म्हणून बरं. म्हणजे चौथीच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही करणारी बाई माझ्या मालमत्तेपर्यंत पोचली तर! ओरडायची सोय नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पण मी विचार केला. सही जुळवायचीच आहे ना? मग तू माझी जी सही करतेस ती मला शिकव. लहानपणी अक्षरांचे कित्ते देऊन माझ्याकडून गिरवून घ्यायचीस, तसा एक कित्ता तयार कर आणि पाठव. जेवणाच्या सुट्टीत गिरवत बसतो. माझीच सही, मला काय महिन्याभरात येणार नाही?

येण्याचं म्हणशील तर ताई, रजेचं खरंच कठीण आहे. परवाच बाराव्या नंबरच्या लिफ्टमध्ये दोन मोठे डॉक्टर आणि एक साफसफाईच्या बाई पाऊण तास अडकले. बाहेर आले तेव्हा बाई त्या दोघांना पथ्यपाणी सांगत होत्या. अशा ठिकाणाहून हलायचं कसं?

कित्त्याची वाट बघतो. लोभ वाढत असला तर वाढू दे, शाई मात्र बेताची वापर.

तुझा,
धाकटा

&nbsp;

ता. ३० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कित्ता पाठवते आहे. बारा ओळी, प्रत्येक ओळीत पहिली सही मी केलेली, पुढे तुझ्यासाठी फिकट ठिपके. सूचना नीट वाच. पहिल्या अक्षराची गाठ पोटातून निघते, डोक्यातून नाही. तुझं नेहमी उलटं होतं. मधली अक्षरं एकमेकांना धरून चालली पाहिजेत. शेवटच्या अक्षराची शेपटी खाली घ्यायची आणि डावीकडे परत वळवायची. खाली दोन टिंबं. हात मनगटातून नाही, खांद्यातून फिरू दे. पाटी रंगवताना मी तसाच फिरवते, म्हणून तर चाळीस वर्षांत एका दुकानदाराची तक्रार नाही. एकाची होती, पण त्याच्या दुकानाचं नावच चुकीचं होतं.

तू आठवीत असताना मी तुझी सही पहिल्यांदा केली, सहलीच्या फॉर्मवर. तुझ्या नावाला शोभेल अशी सही असावी असं मला वाटायचं. तुला कधी वाटलं नाही.

आता रागावू नकोस, पण मनातलं लिहिते. ह्या मुखत्यारपत्राचा मला राग आलाय. तू कागद पाठवलास तो येणं टाळायला पाठवलास. ती जागा आहे तोवर तुझं इथे काहीतरी आहे. ती विकली की तुझं इथलं शेवटचं काम संपलं. मग पुढच्या वर्षी येतो हे म्हणायचीसुद्धा तुला गरज उरणार नाही, आणि ते मी माझ्याच हाताने करायचं. डॉक्टरीणबाई भल्या आहेत, घाई करत नाहीत. घाई तुलाच आहे.

असो. कित्ता गिरव. शेपटीकडे लक्ष दे. लोभ आहे, पण सध्या रुसलेला आहे.

तुझी,
ताई

&nbsp;

ता. २६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत दुसरं मुखत्यारपत्र आणि त्यावर माझी, म्हणजे तुझी, म्हणजे माझी सही. बघून घे. शेपटी खाली, वळण डावीकडे, टिंबं दोन.

दोन आठवडे मी गिरवतो आहे. लिफ्टच्या तपासणीच्या तक्त्यांवर, जेवणाच्या डब्याच्या झाकणावर, एकदा चुकून एका रुग्णाच्या प्लास्टरवर. त्या गृहस्थाला आवडली, त्याने पुसू दिली नाही. वकिलातीत मात्र पंचाईत झाली. तिथल्या अधिकाऱ्याने पासपोर्टवरची सही बघितली, कागदावरची बघितली, आणि ही कुणाची म्हणून विचारलं. मी म्हटलं माझीच, सुधारली आहे. पासपोर्टवर दुसरीच कशी, ह्यावर मी काही बोलायच्या आत घरमालकीणबाईंनी साक्ष दिली की मुलगा फार मेहनती आहे. शेवटी त्याने मला समोर पाच वेळा सही करायला लावली. पाचही एकसारख्या आल्या, तेव्हा शिक्का मारला. जन्मात पहिल्यांदा मला कुठल्यातरी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले.

तुझ्या रागाबद्दल काय लिहू? मी सात वेळा कागद घेतला. तू म्हणतेस ते सगळं बरोबर नाही, पण चूकही नाही.

रुसलेल्या लोभाला माझा नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

&nbsp;

ता. १६ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

नाही जमलं. कारकुनाने भिंग लावून पाहिलं आणि शेपटीवर बोट ठेवलं. जुन्या दस्तात ती वर जाते म्हणे. माझ्या लक्षात चुकून खालची राहिली, वय झालं. नवा कित्ता पाठवते आहे. ह्या वेळी शेपटी वर, उजवीकडे वळण, आणि टिंबं तीन. पहिली सवय मोडायला वेळ लागेल, तर घाई करू नकोस. दोनतीन महिने गिरव.

डॉक्टरीणबाईंनी माझी खालची दाढ काढली, त्यामुळे जास्त लिहीत नाही. दाढ काढताना त्यांनी जागेचं काय झालं म्हणून विचारलं. माझं तोंड उघडंच होतं, पण उत्तर देता आलं नाही.

लोभाची सूज उतरते आहे.

तुझी,
ताई

&nbsp;

ता. १८ मे

चि. मेहुणेराजांस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र मी पोस्टात उभं राहून लिहितो आहे. पेन तिथलंच आहे, दोऱ्याने बांधलेलं, त्यामुळे अक्षर एका बाजूला ओढलेलं दिसेल.

तुमचं दुसरं मुखत्यारपत्र कारकुनाने पाहिलेलंच नाही. ते आमच्या दुकानात, पिवळ्या रंगाच्या डब्याखाली आहे. तुमची ताई ते घेऊन कुठेही गेली नाही. पहिला कित्ता ती करत होती तेव्हा मी शेजारी चहा पीत होतो. तिने एक सही केली, अगदी दस्तावरच्यासारखी. बराच वेळ त्या सहीकडे बघत बसली. मग कागद फाडला आणि दुसऱ्यावर शेपटी खाली ओढली. मी काही बोलणार, तेवढ्यात तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कपातच बघत राहिलो. दुसऱ्या कित्त्यातली शेपटीही खोटी आहे. खरी शेपटी कुठेच वळत नाही, सरळ जाऊन थांबते, आणि खाली टिंबं नाहीतच. तिच्या मनात अजून सातआठ शेपट्या तयार असाव्यात. माझ्या अंदाजाने ती तुम्हाला पुढची दहा वर्षं पुरवेल.

आणखी एक सांगतो. दर शनिवारी ती गुडघे धरत त्या जागेवर जाते. खिडक्या उघडते आणि तुमच्या पलंगावरची चादर बदलते. नऊ वर्षांत त्या चादरीवर कोणी झोपलेलं नाही. मी एकदा विचारलं की स्वच्छ चादर दर आठवड्याला कशाला धुवायची. ती म्हणाली की शिळी झाली.

मी हे कळवल्याचं तिला कळलं तर माझी पाटी ती स्वतः रंगवेल. वाचून फाडून टाका. आमच्यावरचा लोभ गुपचूप वाढवावा.

आपला,
भावोजी

&nbsp;

ता. ६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ह्या पत्राद्वारे मी खाली सही करणारा, वय वर्षे सत्तेचाळीस, धंदा लिफ्टदुरुस्ती, असे लिहून देतो की माझ्या बहिणीस दिलेली दोन्ही मुखत्यारपत्रे मी आज रोजी राजीखुशीने व कुणाच्याही दडपणाखाली न येता रद्द करत आहे. कारण मुखत्यार फितूर आहे. तिने मूळ मालकास दोन महिने खोट्या शेपट्या पुरवल्या व दस्तऐवज पिवळ्या रंगाखाली दडवला. खबर कुणी दिली ते विचारू नये. खबऱ्या सध्या तुमच्याच घरी जेवतो, त्याचं जेवण बंद करू नये.

आता गंमत पुरे. मी येतो आहे. तीस तारखेला निघतो, अकरा दिवस राहतो. लिफ्टांचं काय म्हणशील, तर साहेबांकडे रजा मागितली तेव्हा ते म्हणाले की गेली सहा वर्षं ते माझ्या अर्जाचीच वाट बघत होते. रजा भरपूर साठली आहे. मी कधी मागितलीच नव्हती.

आई गेली तेव्हा आलो होतो, त्या शेवटच्या दिवशी दाराला कुलूप मीच लावलं. मागे वळलो, आणि सवयीने बेल वाजवली. आत कोणी नव्हतं, तरी बेल वाजली. त्यानंतर ते दार उघडायची माझ्यात हिंमत नव्हती. मी तुला जागा विकायचे अधिकार दिले असं कागदावर लिहिलं आहे. खरं म्हणजे ते दार उघडायचं काम मी तुझ्यावर ढकललं. आणि तू तर ते दर शनिवारी उघडतेस.

तर आपण दोघं मिळून उघडू. मग विकायची का ठेवायची ते तू म्हणशील तसं. चादर बदलून ठेव.

लोभ घेऊनच येतो, वेगळा पाठवत नाही.

तुझा,
धाकटा

&nbsp;

ता. १७ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. एकही लिफ्ट अडकलेली नव्हती, त्याचं मला थोडं वाईट वाटलं. घरमालकीणबाईंनी खटल्याचा निकाल विचारला. आपण जिंकलो असं सांगितलं.

अकरा दिवस त्या पलंगावर झोपलो. पहिल्या रात्री झोप लागली नाही आणि नंतर सकाळी जाग येईना. जागा डॉक्टरीणबाईंना द्यायची असं तूच ठरवलंस ते बरं केलंस. त्या म्हणाल्या ना की आपल्या बैठकीच्या खोलीत त्या लहान मुलांचे दात तपासणार. म्हणजे त्या खोलीत रडारड, आरडाओरडा आणि खोटं बोलणं पूर्वीसारखंच चालू राहील.

पण तुझ्या कित्त्यांनी माझं वाटोळं केलं आहे. निबंधक कार्यालयात तू बघितलंसच. कारकुनाने पासपोर्टसारखी सही कर म्हटल्यावर मला ती येईना. हात खांद्यातून फिरायला लागला आणि शेपटी तीन दिशांना जायला लागली. अंगठा जुळला म्हणून निभावलं. परवा इथल्या बँकेतही तेच झालं. माझी स्वतःची सही, ती मुंगीची, हातातून पार गेली आहे. बँकेतल्या बाईंनी विचारलं की ही सही ओळखणारं आणि करून दाखवू शकणारं कोणी आहे का. मी म्हटलं जगात एकच बाई आहे.

तर ताई, कित्ता पाठवू नकोस. तुझ्या कित्त्यांवर माझा आता काडीचा विश्वास नाही. समोर बसून शिकव. भावोजींना घेऊन ये. इथे माझ्याकडे दोन खोल्या आहेत, एक रिकामी. तिसऱ्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट आहे आणि ती मी स्वतः बघतो.

लोभाचं मी काही लिहीत नाही. तू ये.

तुझा,
धाकटा

&nbsp;

ता. ९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी लगेच उत्तर लिहायला बसले. दुकानात चार पाट्या अर्ध्या आहेत, गुडघे धड नाहीत, विमानात माझे कान दुखतील, ह्यांना परक्या ठिकाणी झोप लागत नाही, तेव्हा पुढच्या वर्षी नक्की. दोन पानं लिहून झाली आणि ह्यांना वाचून दाखवली. ऐकून ते म्हणाले की हे पत्र आधी कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं, फक्त त्यात लिफ्ट होत्या.

मग मी ते फाडलं आणि पासपोर्टचे अर्ज आणायला त्यांना पाठवलं.

आज सकाळी माझा अर्ज भरला. नाव, जन्मतारीख, उंची, चेहऱ्यावरची खूण, सगळं एकही खाडाखोड न करता. खाली सहीची चौकट होती. मी चांगलं पेन घेतलं, श्वास रोखला आणि एका दमात सही केली. फार सुंदर आली. शेपटी सरळ जाऊन थांबली. ह्यांना कौतुकाने दाखवली तर त्यांनी कपाळाला हात लावला.

तुझी होती.

अर्ज बाद. हे दुसरा आणायला गेले आहेत आणि मी माझ्या सहीचा सराव करत बसले आहे. चाळीस वर्षं गावभर दुसऱ्यांची नावं रंगवली, आता स्वतःचं लिहायचं तर हात अवघडतो आहे. पण येईल. पुन्हा पुढच्या वर्षावर जाऊ नये म्हणून तिकिटं आधीच काढून दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवली आहेत, येताजाता दिसतात. ऑक्टोबरच्या तीन तारखेला आम्ही निघतो. घ्यायला तू स्वतः ये, माणूस पाठवू नकोस.

लोभ सामानात भरते आहे, वजन जास्त झालं तर बाकीचं काढीन.

तुझी,
ताई